धावणाऱ्याच्या ताटातला भात

गेल्या ऑक्टोबरातला रविवार. पहाटे पावणेपाचला आम्ही चौघे दातिवऱ्याहून निघालो. कोरे, एडवण, मथाणे, उसरणी असा किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा रस्ता धरायचा, घड्याळात पंधरा किलोमीटर झाले की मागे वळायचं. माझ्या मावसभावाचा मुलगा बरोबर होता. वय सव्वीस, बोईसरच्या एका कारखान्यात पाळीवर काम, आणि डिसेंबरात वसई-विरारची पूर्ण मॅरेथॉन पळायचीच असा ध्यास. जाताना तो आमच्या सगळ्यांच्या पुढे होता. परतीला मथाण्याच्या अलीकडे तो मागे पडला, मग चालायला लागला, मग एका कुंपणाला धरून उभाच राहिला.

मी मागे वळून त्याच्याजवळ गेलो. त्याच्या हातात पाण्याची बाटली होती आणि तिचं झाकण त्याला उघडत नव्हतं. बोटं थरथरत होती, कपाळाला गार घाम होता. "काका, पाय आहेत की नाहीत तेच कळत नाही," एवढंच बोलला, तेही तुटक. समोरच्या घरातल्या बाई अंगण झाडत होत्या. त्यांनी काही न विचारता त्याला ओट्यावर बसवलं, आत जाऊन कोरा चहा आणला. त्यात साखर इतकी होती की तळाशी दिसत होती. सोबत तव्यावरची अर्धी तांदळाची भाकरी. वीस मिनिटांनी त्याने ते झाकण स्वतः उघडलं.

शेवटचं कधी जेवला होतास, असं विचारल्यावर तो आधी बोलेना. मग कळलं, शनिवारी दुपारी चार वाजता, पनीर आणि दोन अंडी. त्याआधी पाच आठवडे भात बंद, भाकरी बंद, केळं बंद, गूळ बंद. रोज अठरा तास उपास. कुणीतरी त्याला पटवलं होतं की असं केलं की शरीर चरबीवर पळायला शिकतं आणि मग बेचाळीस किलोमीटर काही न खाता पार होतात. त्या सकाळचं सगळं त्याने त्याच माणसाला सांगितलं तेव्हा उत्तर आलं: शरीर अजून सरावलेलं नाही, मीठ वाढव, उपास चालू ठेव, मध्येच भाकरी खाल्लीस तिथे सगळी मेहनत पाण्यात गेली.

या उत्तरामुळे मी हे लिहायला बसलो आहे. मी डॉक्टर नाही. सतरा वर्षं पळतो आहे, सुट्टीच्या दिवशी ओहोटीच्या वेळी दातिवऱ्याच्या ओल्या वाळूवर आजूबाजूच्या गावांतल्या पोरापोरींना पळवतो, आणि या विषयावर जे वाचण्यासारखं आहे ते वाचलं आहे. पालघरपासून विरारपर्यंत पळणाऱ्यांच्या गटांत हा केटोचा, म्हणजे पिष्टमय पदार्थ जवळजवळ बंद करून चरबीवर राहण्याचा, आणि उपासाचा सल्ला आता इतक्या सहजपणे दिला जातो की त्याला कुणीतरी सरळ नाही म्हणण्याची गरज आहे.

आधी त्यांचं म्हणणं नीट मांडतो, कारण त्यात तथ्य नाही असं नाही. साठ किलोचा सडपातळ माणूस घ्या. त्याच्या स्नायूंत आणि यकृतात मिळून साधारण पाचशे ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठलेली असते, म्हणजे दोन हजार कॅलरी. त्याच्या अंगावर चरबी असते पाच-सहा किलो, म्हणजे चाळीस-पन्नास हजार कॅलरी. मॅरेथॉनला त्याला लागतात सुमारे अडीच हजार. हिशोब उघड दिसतो: छोटी टाकी रिकामी होते म्हणून माणूस तिसाव्या किलोमीटरला भिंतीवर आदळतो, मग मोठी टाकी का उघडू नये? पिष्टमय पदार्थ बंद केले की काही आठवड्यांत शरीर खरोखर जास्त चरबी जाळू लागतं. अमेरिकेत जेफ व्होलेक यांनी वीस कसलेल्या अल्ट्रा धावपटूंवर आणि आयर्नमॅन खेळाडूंवर केलेला अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. त्यात केटोवाले मिनिटाला दीड ग्रॅम चरबी जाळत होते, भात-पाव खाणारे त्याच्या निम्म्याहून कमी. हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही.

पण त्या अभ्यासात कोण आधी पोचला हे मोजलंच नव्हतं. तीन तास एका ठरावीक मध्यम वेगाने पट्ट्यावर पळवून कोण काय जाळतो ते पाहिलं होतं. चरबी जास्त जळते याचा अर्थ माणूस जास्त जोरात पळतो असा होत नाही, आणि सगळी गल्लत इथेच होते. पळताना खरी टंचाई ऑक्सिजनची असते. फुप्फुसं आणि हृदय मिळून मिनिटाला जेवढा ऑक्सिजन पायांपर्यंत नेऊ शकतात, त्याला हद्द आहे. त्या एका लिटर ऑक्सिजनमध्ये साखर जाळली तर सुमारे पाच कॅलरी मिळतात, चरबी जाळली तर 4.7. फरक सहा-सात टक्क्यांचा. सावकाश चालताना तो कळतही नाही, कारण ऑक्सिजन मुबलक असतो. शर्यतीत, जिथे श्वास आधीच पुरा पडत नाही, तिथे तेवढाच फरक पायांवर चढून बसतो.

हे कुणी नुसतं कागदावर मांडलेलं नाही. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टमध्ये लुईस बर्क यांनी जागतिक दर्जाचे चालण्याच्या शर्यतीतले खेळाडू घेतले आणि तीन आठवडे सगळ्यांना तोच कडक सराव दिला. फरक फक्त ताटात. एका गटाला भरपूर पिष्टमय आहार, दुसऱ्याला तेवढाच पण दिवस आणि वेळ बघून कमीजास्त केलेला, तिसऱ्याला केटो. अभ्यास 2017 मध्ये छापून आला. सरावाने तिन्ही गटांची ऑक्सिजन घेण्याची ताकद वाढली. मग दहा किलोमीटरची खरी शर्यत लावली. पहिला गट 6.6 टक्क्यांनी सुधारला, दुसरा 5.3 टक्क्यांनी. केटो गट सुधारला नाहीच, 1.6 टक्क्यांनी मागे आला. तीन आठवडे घाम गाळून जागच्या जागी. 2020 मध्ये त्याच मंडळींनी पुन्हा प्रयोग करून पाहिला, निकाल तोच.

यावर दोन आक्षेप मला नेहमी ऐकवले जातात. पहिला असा की तीन आठवडे फार थोडे, सरावायला महिने लागतात. पण त्या केटो गटाने तीन आठवड्यांतच मिनिटाला दीड ग्रॅमहून जास्त चरबी जाळायला सुरुवात केली होती, म्हणजे व्होलेक यांच्या अभ्यासातले धावपटू कित्येक महिन्यांनी जिथे होते तिथेच. चरबी जाळायला शरीर शिकलं होतं. शिकूनही ते मागे राहिलं. दुसरा आक्षेप, दहा किलोमीटर म्हणजे लांब पल्ला नव्हे. तोही टिकत नाही. बर्क यांनी वीस आणि पन्नास किलोमीटरच्या शर्यतीच्या वेगांवर लागणारा ऑक्सिजनही मोजला होता. दोन्ही वेगांना केटोवाल्यांना तेच अंतर कापायला जास्त ऑक्सिजन लागत होता. पन्नास किलोमीटरची चालण्याची शर्यत साधारण पावणेचार-चार तासांची. आपल्याकडचा होतकरू हौशी माणूस मॅरेथॉनला तेवढाच वेळ घेतो.

सावकाश पळणाऱ्याचं काय, हा प्रश्न उरतो, आणि तो रास्त आहे. 1983 साली स्टीफन फिनी यांनी पाच सायकलपटूंना चार आठवडे केटोवर ठेवून मध्यम वेगाने दमेपर्यंत सायकल चालवायला लावली. सरासरी वेळ जवळपास तेवढीच राहिली. केटोचा प्रत्येक पुरस्कर्ता या अभ्यासाचा दाखला देतो. माणसं पाच, त्यांतल्या एकाची वेळ खूप वाढली आणि त्याने सरासरी सावरली, हे मात्र सांगत नाही. खुद्द फिनी यांनीच नंतर लिहिलं आहे की अशा आहारावर जोर लावून करायच्या कामाला मर्यादा पडते. तरी धरून चालू की अगदी हळू पळणाऱ्याचं काही बिघडत नाही. मग मिळवलं काय? पाच आठवडे भात सोडून, घरच्यांबरोबर जेवायला बसणं सोडून, डोकं दुखत कामावर जाऊन शेवटी आधी होतो तिथेच. हळू पळायचं असेल तर भात खाऊनही हळू पळता येतं.

साखर आणि लांब पल्ला यांचं नातं काही आजकाल कुणा बिस्किट कंपनीने लावलेलं नाही. 1924 च्या बॉस्टन मॅरेथॉननंतर तिथल्या डॉक्टरांनी धावपटूंचं रक्त तपासलं, तर गलितगात्र होऊन आलेल्यांची रक्तशर्करा तळाला गेलेली. पुढच्या वर्षी त्यांनी काही धावपटूंना आदल्या दिवशी पिष्टमय पदार्थ भरपूर खायला सांगितले आणि वाटेत गोळ्या चघळायला दिल्या. साखर टिकली आणि माणसं धडपणे पोचली. शंभर वर्षं झाली त्याला. 1967 मध्ये स्वीडनमध्ये मांडीच्या स्नायूचे बारीक तुकडे काढून मोजल्यावर सिद्ध झालं की स्नायूत ग्लायकोजेन जितकं जास्त, तितका वेळ माणूस जोराने काम करू शकतो, आणि ते ग्लायकोजेन किती हे आदल्या दिवसांचं जेवण ठरवतं. केनियाच्या अव्वल धावपटूंच्या जेवणाची पाहणी 2004 साली प्रसिद्ध झाली. त्यांच्या आहारातला तीन चतुर्थांश भाग पिष्टमय होता: मक्याचा उगाली आणि साखर घातलेला दुधाचा चहा. ते पहाटे काही न खाता पळायला निघतात हेही खरं आहे, आणि आमच्याकडचे उपासवाले तेवढंच अर्धं सांगतात. आदल्या रात्री त्यांच्या ताटात उगालीचा डोंगर असतो आणि परत आल्याबरोबर गोड चहा.

मग केप टाऊनच्या प्राध्यापक टिम नोक्स यांचं नाव येतं. "लोर ऑफ रनिंग" हा धावण्यावरचा जाडजूड ग्रंथ त्यांचा. आयुष्यभर ते पिष्टमय आहाराची शिफारस करत आले आणि 2010 नंतर त्यांनी ती मागे घेतली. का घेतली ते मात्र गाळलं जातं. त्यांना टाइप 2 मधुमेह निघाला होता. मधुमेह झालेल्या साठीतल्या माणसाने भात-पाव कमी करणं समजण्यासारखं आहे, कदाचित योग्यही. पण तो उत्तम पळण्याचा आहार कसा झाला? झॅक बिटरचंही तसंच. 2019 मध्ये त्याने शंभर मैल 11 तास 19 मिनिटांत पळून विक्रम केला आणि तो कमी पिष्टमय आहाराचा पुरस्कर्ता म्हणून ओळखला जातो. पण कडक सरावाच्या दिवसांत आणि शर्यतीत तो कर्बोदकं घेतो, हे तो स्वतः उघडपणे सांगतो. त्याचं नाव सांगून आमच्या पोराला मॅरेथॉनमध्ये नुसतं मीठपाणी प्यायला लावणं ही फसवणूक आहे.

केटो आहार मुळात कशासाठी निघाला हेही ध्यानात घ्यायला हवं. 1921 साली मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी तो मिरगीच्या रुग्णांसाठी सुचवला. औषधाला न जुमानणारे मुलांचे झटके आजही त्याने आटोक्यात येतात, डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांच्या डोळ्यांसमोर, ग्रॅम-ग्रॅम मोजून. तो उपचार आहे. आपल्याकडे दोन वेळा जेवण्याचा मार्ग डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी नेला. तो केटो नाही, त्यात भात-भाकरीला बंदी नाही, आणि तो आहे वजन आणि मधुमेहासाठी. व्यायाम म्हणून त्यात सांगितलंय पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं. माझ्या ओळखीत त्याने वजन उतरलेली माणसं आहेत. चालणाऱ्यासाठी आखलेली ती शिस्त उचलून तिच्यात केटो मिसळायचं आणि आठवड्याला सत्तर किलोमीटर पळणाऱ्या पोराच्या गळ्यात बांधायचं, हे कुणी सांगितलं?

परंपरेची साक्ष काढली जाते तेव्हा मला सगळ्यात जास्त राग येतो. "आपले वारकरी बघा, एकादशीला उपाशीपोटी दिवे घाट चढतात." चढतात, खरं आहे. माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाते तो लांबचा मुक्काम आणि तो घाट बहुतेक वर्षी ज्येष्ठ वद्य एकादशीलाच येतो. त्या दिवशी त्या रस्त्याने जाऊन बघा. हडपसरपासून दुतर्फा माणसं उभी असतात आणि वारकऱ्याच्या हातात देत असतात ते केळं, राजगिऱ्याचा लाडू, साबुदाण्याची खिचडी, दाण्याचा लाडू, गोड चहा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निखळ पिष्ट. आपला उपास धान्य वर्ज्य करतो, शक्ती वर्ज्य करत नाही. रताळं, वरी, खजूर, गूळ ही ज्या लोकांची उपासाची यादी आहे, त्यांच्या नावावर कर्बोदकबंदी खपवू नये. आणि आषाढी एकादशीचा मोठा उपास येतो तो पालखी दशमीला पंढरपुरात पोचल्यावर, चालणं संपल्यावर.

दुसरी साक्ष आमच्याच किनाऱ्याची. मध्यंतरी एका भाषणात ऐकलं: इथले कोळी पहाटे उपाशी दर्यावर जात, बायका उपाशी मैलोनमैल टोपल्या वाहत, मासे आणि नारळ हाच त्यांचा आहार, म्हणजे केटोच. बोलणारा माणूस या किनाऱ्यावर वाढलेला नव्हता. माझी आत्या सुकी मासळी डोक्यावर घेऊन बाजार करायची. तिची पहाट मी पाहिली आहे. रात्रीचा उरलेला भात पाणी घालून ठेवलेला असायचा. चुलीत सुका बोंबील भाजायची, तो हातावर आपटून त्याची राख झाडायची, भातात मीठ कालवायची आणि पितळीभर भात पाण्यासकट संपवून मगच पाटी उचलायची. कमरेला पदरात गुळाचा खडा. बोंबील होता दोन बोटांएवढा, भात होता पितळीभर. पाण्यासकट भात आणि मीठ, वर गूळ: शर्यतीत आज जे पाकिटातून विकत घेतात ते तिच्या पितळीत होतं. मासे खाणारी माणसं भात खात नव्हती ही कल्पना या किनाऱ्यावर कुणाला सुचणार नाही. नारळाच्या रसातलं कालवण काही कुणी नुसतं पीत नाही.

माणसं उपाशी कामावर गेलीही, मी ते नाकारत नाही. पण ती दुबळा हंगाम होता म्हणून, घरात दाणा नव्हता म्हणून गेली. त्यांच्या उपासमारीला शास्त्र म्हणणं मला सहन होत नाही. आपण कुठे राहतो ते तरी आठवावं. याच जिल्ह्यात, तेव्हा तो ठाण्यात होता, जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत 1992-93 मध्ये कुपोषणाने मुलं गेली आणि सगळा महाराष्ट्र हादरला. मोखाडा-जव्हारचं नाव आजही त्याच संदर्भात निघतं. त्या डोंगरांतली पोरं आता पळायला येतात. बक्षिसाच्या रकमेसाठी येतात, पोलीस भरतीच्या सोळाशे मीटरसाठी येतात. चिवट, हलकी, कसलेली पोरं. मला त्यांच्या अंगावर कमी करण्यासारखं काही दिसत नाही. त्यांच्यापुढे उभं राहून कुणी अठरा तासांच्या उपासाचे गुण गातं, तेव्हा मला वाटतं की सांगणाऱ्याने त्या पोराचे दंड एकदा हातात धरून पाहावेत.

मुलींच्या बाबतीत तर हा सल्ला मला सरळ धोक्याचा वाटतो. पळण्याच्या मानाने खाणं कमी पडलं की शरीर आधी काय बंद करतं? पाळी. मग हाडं झिजू लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेला नाव दिलं आणि ती मुलग्यांनाही गाठते असं स्पष्ट केलं. कॅनबेराच्या त्याच प्रयोगांतून 2020 मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली: साडेतीन आठवड्यांच्या केटोनंतर रक्तातल्या हाड झिजण्याच्या खुणा वाढल्या आणि हाड बनण्याच्या घटल्या. पिष्टमय आहार परत दिल्यावर त्या पूर्ण जागेवर आल्या नाहीत. ती तर पोटभर कॅलरी मिळणारी, डॉक्टरांच्या नजरेखालची माणसं होती. आमच्याकडची सोळा वर्षांची मुलगी शाळा, घरकाम, पाणी भरणं आणि पळणं एकत्र करते. नडगी दुखते म्हणून ती थांबते आणि तिला सांगितलं जातं की बूट बदल. ती काय खाते हे कुणी विचारत नाही.

मिठाची गोष्ट त्या सल्लागाराने स्वतःच काढली, तर तीही बोलून टाकू. पिष्टमय आहार बंद झाला की इन्सुलिन खाली येतं आणि मूत्रपिंडं मीठ बाहेर टाकू लागतात. ग्लायकोजेनबरोबर धरून ठेवलेलं पाणीही जातं. पहिल्या आठवड्यात काट्यावर दिसणारे उतरलेले दोन-तीन किलो बरेचसे हेच पाणी असतं. आता ऑक्टोबरातली दातिवऱ्याची सकाळ डोळ्यांसमोर आणा. सहालाच हवा अंगाला चिकटते, खाडीवरून वाऱ्याची झुळूक नाही, बनियन पहिल्या पाच किलोमीटरांत पिळण्याइतकं ओलं. अशा हवेत तासाला लिटरभर घाम सहज जातो. आधीच मीठ-पाणी गमावलेलं शरीर घेऊन तीन तास पळायचं आणि वर उपास म्हणून काही घ्यायचं नाही, हे कॅनबेराच्या प्रयोगातही कुणी केलं नव्हतं.

चाळिशीपुढच्या मित्रांसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. मधुमेहावरच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या जातीच्या गोळ्या आता सर्रास दिल्या जातात. त्या घेणाऱ्यांच्या रक्तात आम्लता धोकादायक वाढू शकते, साखर फारशी वाढलेली नसतानाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने 2015 मध्ये दिला होता. केटो आणि उपास तो धोका वाढवतात. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांना उलटा धोका, पळता पळता साखर खाली जाण्याचा. अशा माणसाने आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय उपास करून एक किलोमीटरही पळू नये. पळण्याच्या गटात मला असे तीन जण माहीत आहेत आणि तिघांनीही डॉक्टरला विचारलं नव्हतं.

उपाशीपोटी पळणं सरसकट वाईट असं मी म्हणत नाही. रात्री व्यवस्थित जेवलेल्या माणसाने सकाळी चहा न घेता तासभर सावकाश पळावं, काही बिघडत नाही. मीही पळतो. बर्क यांच्या दुसऱ्या गटाने सरावाचे काही दिवस मुद्दाम कमी कर्बोदकांवर काढले आणि तो गट मागे पडला नाही. पण त्यांच्या कडक सरावाच्या दिवशी आणि शर्यतीच्या दिवशी ताट भरलेलं होतं. कुठल्या दिवशी किती, हा प्रशिक्षकाचा प्रश्न आहे. महिनोन्महिने घास बंद करणं हा वेगळाच मार्ग आहे, आणि त्या वाटेवर भाचा, पुतण्या, शेजारची मुलगी पळत असते.

वस्तू आपल्याकडे आहेत, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. वसई-आगाशीची सुकेळी घ्या. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली, मधाच्या रंगाची, बोटभर लांब, पुष्कळ दिवस टिकणारी. पळताना चावायला सोपी, पोटाला न टोचणारी. दोन सुकेळी आणि चिमूटभर मीठ कमरपट्ट्याला लावून तीस किलोमीटर पळून बघा. वाड्याच्या कोलमला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, डहाणू-घोलवडच्या चिकूला त्याआधी 2016 मध्ये. नाचणीची आंबील आहे, दाण्याची चिक्की आहे, पेज आहे. या गोष्टी सफाळ्याच्या बाजारात मिळतात. बदामाचं पीठ, खास तेल आणि लघवी तपासायच्या पट्ट्या यांवर मावसभावाच्या मुलाने पाच आठवड्यांत किती पैसे घातले ते त्याने मला सांगितलं आहे. तेवढ्यात त्याच्या घरची महिन्याची मासळी येते.

त्याने नोव्हेंबरात भात सुरू केला. पहिले काही दिवस त्याला अपराधी वाटत होतं, इतकं ते मनात बसवलेलं होतं. मग एका रविवारी, त्याच रस्त्याने, तेवढंच अंतर पळताना, एडवणच्या देवळाजवळ त्याने खिशातून सुकेळी काढली, अर्धी तोंडात टाकली, अर्धी मला दिली आणि न थांबता पुढे गेला. मथाण्याच्या त्या घरासमोरून जाताना बाई बाहेर नव्हत्या, पण त्याने हात वर केला.

गेल्या आठवड्यात सरावाला येणाऱ्या एका मुलीची आई वाळूवर भेटायला आली. मुलगी नववीत आहे. कुणीतरी तिला सांगितलंय की रिकाम्या पोटी पळालं की वेग वाढतो, आणि ती आता रात्रीही जेवत नाही, पोट दुखतंय म्हणते. आई विचारत होती की डॉक्टरकडे न्यावं का. मी म्हटलं, न्याच, आणि मुलीला इथून पुढे जेवल्याशिवाय माझ्याकडे पाठवू नका. तिने विचारलं, मग सकाळी काय देऊ? मी विचारलं, तुम्ही शेतावर जायच्या आधी काय खाता? म्हणाली, चहा आणि भाकरी.

"तेच द्या."

"एक देऊ की दोन?"

"दोन द्या," मी म्हटलं. "आणि वर गूळ."